टॉवरच्या पायथ्याची पेटी

[दृश्य: पावसाळी संध्याकाळ. कॅमेरा अँटेनावरून हळूहळू खाली उतरतो आणि शेल्टरच्या दारापाशी थांबतो.]

टॉवर म्हटलं की नजर आपोआप वर जाते. आज आपण खाली बघू. शेल्टरमध्ये, म्हणजे टॉवरखालच्या छोट्या खोलीत, वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायर आणि बॅटरी बँकेच्या शेजारी, रॅकमध्ये एक चपटी पेटी बसवलेली दिसते. उंची जेमतेम साडेचार सेंटिमीटर. समोर ओळीने ई-वनचे, म्हणजे टेलिकॉमच्या जुन्या डिजिटल लाइनचे पोर्ट, दोन-तीन इथरनेटचे पोर्ट आणि काही दिवे. ही सेल साइट गेटवे. अँटेनाने हवेतून पकडलेलं बोलणं आणि डेटा अनेक टॉवर सांभाळणाऱ्या दूरच्या कंट्रोलरपर्यंत पोचवायचा, तिथलं इथे आणायचं, हे तिचं काम. टॉवर ते कंट्रोलर या वाटेला बॅकहॉल म्हणतात.

3जीच्या पहिल्या पिढीत ही वाट एटीएमची होती. इथे एटीएम म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, माहिती एकसारख्या तुकड्यांत वाहून नेण्याची पद्धत. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने 1 ऑक्टोबर 2001 रोजी 3जी सेवा सुरू केली ती याच पायावर. भारतात 3जी आलं डिसेंबर 2008 मध्ये, एमटीएनएलतर्फे, दिल्लीत. तोवर आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पॅकेट पद्धतीवर, चालणारा बॅकहॉलही बाजारात आला होता, पण जगभरात हजारो टॉवर एटीएमवर बसलेले होते आणि ते एका रात्रीत बदलणं कुणालाच परवडणारं नव्हतं. जुनी भाषा बोलणारा टॉवर आणि नवं इथरनेटचं जाळं यांच्यामध्ये दुभाषा लागला. तो दुभाषा म्हणजे ही पेटी.

[दृश्य: पडद्यावर 53 चौकोनांची एक पट्टी. पहिले 5 वेगळ्या रंगात.]

एटीएमच्या तुकड्याला सेल म्हणतात. मोबाइलच्या सेलशी घोळ नको. इथून पुढे सेल म्हटलं की हा तुकडा. लांबी कायम 53 बाइट. पहिले 5 पत्त्याचे, उरलेले 48 मालाचे. 48 हा आकडा तडजोडीतून आला. युरोपला 32 हवे होते, अमेरिकेला 64. फोनवरच्या आवाजाने 64 केबीपीएस वेगाने 48 बाइट भरायला 6 मिलिसेकंद लागतात. सेल मोठा केला की हा वेळ वाढतो आणि प्रतिध्वनी जाणवू लागतो. लहान केला, तर पत्त्यातच जागा वाया जाते.

3जीमध्ये आवाज दर 20 मिलिसेकंदाला एका छोट्या पुडीत बांधला जातो. अशा पुड्या सेलमध्ये एकामागून एक भरतात. एकाचं बोलणं संपतं तिथेच दुसऱ्याचं सुरू होतं, आणि पुडी मावली नाही तर तिचा उरलेला भाग पुढच्या सेलमध्ये जातो. दोन अनोळखी माणसांचे शब्द एकाच 48 बाइटांत शेजारी बसून प्रवास करतात.

[दृश्य: क्रोन स्ट्रिपचा जवळून शॉट. पंचिंग टूल तार आत दाबतं, टोक कापलं जातं.]

या सेल वाहतात ई-वनवर. ई-वनचा वेग 2.048 एमबीपीएस, त्यात 64 केबीपीएसचे 32 टाइमस्लॉट. शून्य क्रमांकाचा टाइमस्लॉट फ्रेम (32 टाइमस्लॉटचा एक फेरा) ओळखण्यासाठी राखीव, सोळावा रिकामा ठेवायचा. उरतात 30, म्हणजे 1920 केबीपीएस, सेकंदाला सुमारे 4528 सेल.

ही तारा जोडायची क्रोन स्ट्रिप नीट बघा. प्रत्येक ई-वनला दोन जोड्या, एक पाठवायची, एक घ्यायची. नव्या साइटवर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पाठवायची जोडी समोरच्याही पाठवायच्या जोडीला लागली, की दोन्हीकडे सिग्नल नसल्याचा लाल दिवा. अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. पेटीच्या पोर्टवर पाठवायची जोडी घ्यायच्या जोडीत घालून लूप द्यावा. दिवा हिरवा झाला तर पेटी आणि तिथवरची तार ठीक, दोष पुढे आहे. मग लूप स्ट्रिपवर, मग मायक्रोवेव्ह रेडिओच्या शेल्टरमधल्या युनिटवर, असं एकेक पाऊल सरकत जायचं.

लपून बसणारा दोष इम्पिडन्सचा, म्हणजे तारेच्या विद्युत अवरोधाचा. जोडीच्या तारेचा ई-वन 120 ओमचा, कोॲक्सचा 75 ओमचा. मध्ये बॅलन, म्हणजे दोन्ही जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, न लावता दोन्ही जोडले तर चार-पाच मीटरच्या तारेवर काम चालूनही जातं. तार लांब झाली की चुका दिसू लागतात, रोज थोड्या थोड्या, आणि दोष मायक्रोवेव्हच्या माथी मारला जातो.

एक ई-वन 3जीला पुरत नाही. म्हणून चार किंवा आठ ई-वन एकत्र बांधतात. या बांधणीला आयएमए म्हणतात. पहिला सेल पहिल्या तारेवर, दुसरा दुसऱ्या तारेवर, खेळताना पत्ते वाटावेत तसे. पलीकडे त्याच क्रमाने उचलून पुन्हा एक ओळ करायची. क्रम जुळावा म्हणून प्रत्येक तारेवर दर 128 सेलमागे एक नियंत्रण सेल जातो. हे आणि सेलचे पत्ते वजा केले, की चार ई-वनच्या 8.192 एमबीपीएसपैकी मालासाठी उरतात साधारण 6.9. याच साइटवर 7.2 एमबीपीएस वेगाची जाहिरात केली, तर ग्राहकाला तो वेग एकट्याला सगळी वाट दिली तरी मिळणार नाही. हा हिशोब साइट उभी करण्याआधी करायचा असतो.

आयएमएमध्ये एक आकडा भरताना हात थांबायला हवा: गट चालू राहायला किमान किती तारा हव्यात. चार तारांच्या गटात इथे 4 भरलं, तर एक तार तुटताच उरलेल्या तीन चांगल्या असूनही सगळा टॉवर बंद पडतो. 1 भरलं तर टॉवर हळू चालतो, पण चालतो. किमान 1 ठेवावं आणि तार तुटल्याचा अलार्म कंट्रोल रूमपर्यंत नक्की जाईल असं बघावं. नाहीतर साइट आठवडाभर एका तारेवर रांगते आणि कुणाला पत्ता नसतो.

[दृश्य: घाटमाथ्यावरचा टॉवर, मायक्रोवेव्हची डिश, मागे मुसळधार पाऊस.]

चारही ई-वन एकाच मायक्रोवेव्ह रेडिओवरून गेले, तर चार तारा ही नावापुरती सुरक्षितता. 15 गिगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात. सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैमध्ये हे वेगळं सांगावं लागत नाही. लिंक गेली की चारही तारा एकदम जातात. म्हणून कधी दोन ई-वन मायक्रोवेव्हवर आणि दोन फायबरवर टाकतात. तिथे दुसरी काळजी येते. फायबरमध्ये किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात. फायबरची रिंग एका जागी तुटून वाहतूक लांबच्या बाजूने वळली की दोन वाटांमधला वेळेचा फरक अचानक वाढतो. आयएमएच्या मानकानुसार उपकरणाने निदान 25 मिलिसेकंदाचा फरक सोसायला हवा, पण कॉन्फिगरेशनमध्ये हा आकडा कुणीतरी कमी ठेवलेला असतो. मग रिंग वळते आणि तार शाबूत असूनही गटाबाहेर फेकली जाते.

स्क्रॅम्बलिंगची, म्हणजे पाठवण्याआधी बिट ठरावीक रीतीने विस्कटण्याची, गंमत जाता जाता सांगायला हवी, कारण ती माणसाला तासन्‌तास अडकवते. एकट्या ई-वनवर एका टोकाला स्क्रॅम्बलिंग चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद असेल, तर सेलचा पत्ता बरोबर वाचला जातो, कारण स्क्रॅम्बलिंग फक्त मालावर होतं. दिवा हिरवा, सेल मोजले जातात, आणि आतला माल मात्र सगळा कचरा. हिरव्या दिव्यावर विसंबू नका. वरच्या थरातले सीआरसीचे (माल शाबूत आला का याच्या तपासणीचे) दोष मोजणारे काउंटर उघडून बघा.

[दृश्य: पेटीच्या इथरनेट पोर्टमध्ये फायबर बसते. पडद्यावर सेल एकामागून एक पॅकेटमध्ये शिरतात.]

आता दुभाषाचं काम. ई-वनचं भाडं तारेमागे मोजावं लागतं. इथरनेट त्या मानाने स्वस्त. म्हणून पेटी सेल उचलते, पॅकेटमध्ये घालते, आणि जाळ्यातून एका आभासी तारेवरून पलीकडे सोडते. तिला स्यूडोवायर म्हणतात. पॅकेटमध्ये जाताना सेलच्या पत्त्यातला तपासणीचा एक बाइट गळतो, 52 उरतात.

एका पॅकेटमध्ये किती सेल घालायचे? एकच घातला तर 52 बाइटांच्या सेलसाठी 82 बाइटांची इथरनेट फ्रेम जाते. दहा घातले तर 520 साठी 550. बचत मोठी, पण दहा जमेपर्यंत पहिल्याला थांबावं लागतं. भरलेल्या ई-वनवर दहा सेल जमायला 2.2 मिलिसेकंद, रात्री वाहतूक विरळ असताना कितीही. त्यासाठी टायमर असतो: 1 मिलिसेकंद झाला की जमले असतील तेवढे घेऊन निघा.

याच ठिकाणी एक चूक दबा धरून बसते. इथरनेटच्या 1500 बाइटांच्या मर्यादेत 28 सेल मावतात, 29 नाही. चुकून 30 भरले आणि जाळ्यात मोठ्या पॅकेटची सोय नसली, तर दुपारी सगळं सुरळीत दिसतं, कारण टायमरमुळे पॅकेट अर्धवट भरूनच सुटतात. संध्याकाळी सात-आठला गर्दी झाली की पॅकेट पूर्ण भरू लागतात आणि वाटेत टाकून दिले जातात. तक्रार येते ती फक्त गर्दीच्या वेळी. रेडिओचे लोक अँटेना फिरवत बसतात, आणि दोष या एका आकड्यात असतो.

पॅकेटमुळे होणारी खरी बचत मात्र वेगळीच आहे. ई-वनवर सेलची रांग कधी थांबत नाही. सांगायला काही नसलं तरी रिकामे सेल धावत राहतात. पेटी ते ओळखते आणि फेकून देते. पहाटे तीनला इथरनेटवर जवळपास शांतता असते.

आणि त्या शांततेत टॉवरचं घड्याळ हरवतं.

[दृश्य: ऑसिलोस्कोपवर दोन लहरी. एक स्थिर, दुसरी अगदी सावकाश बाजूला सरकते.]

टॉवरने आपली रेडिओ लहर नेमक्या ठिकाणी धरावी लागते. मुभा आहे अब्जात 50 भागांची. 2100 मेगाहर्ट्झवर हे फक्त 105 हर्ट्झ होतात. फोन एका टॉवरच्या लहरीशी जुळलेला असतो. शेजारचा टॉवर याहून सरकला, तर गाडी पुढे जाताना फोनला तो नीट सापडत नाही आणि कॉल तुटतो. टॉवरखाली उभं राहून केलेल्या चाचणीत मात्र सगळं ठीक दिसतं.

जुना ई-वन टॉवरला मालासोबत ताल देत होता. तो ताल मुख्य घड्याळातून, बहुधा सीझियमच्या घड्याळातून, तारेतारेने खाली येई. अशी दोन घड्याळं एकमेकांपासून स्वतंत्र ठेवली, तरी त्यांच्यात एका फ्रेमचा फरक पडायला किमान 72 दिवस लागतात. साध्या इथरनेटला असा ताल नसतो. दोन टोकांच्या घड्याळांचे क्रिस्टल आपापल्या चालीने चालतात आणि तिथली मुभा आहे दहा लाखांत 100 भाग, टॉवरच्या गरजेच्या 2000 पट ढिली.

म्हणून तालासाठी वेगळी सोय करावी लागते. एक वाट अशी: शेजारी 2जीचा ई-वन असतोच, तोही स्यूडोवायरवर घेतात. त्याची पॅकेट माल असो-नसो, सेकंदाला ठरावीक 1000 सुटतात, प्रत्येकात 256 बाइट. पेटी आपला बफर, म्हणजे आलेला माल थोडा वेळ थांबतो ती जागा, भरतोय की रिकामा होतोय हे बघत घड्याळाची चाल थोडी थोडी सुधारते. 2जी नसेल तर फक्त तालासाठी एक प्रवाह सोडतात. दुसरी वाट वेळेचा शिक्का मारलेल्या पॅकेटची, म्हणजे आयईईई 1588 मानकाची 2008 ची आवृत्ती. तिसरी सिंक्रोनस इथरनेटची, आणि ती सगळ्यांत भरवशाची, कारण ताल थेट तारेतून येतो, गर्दीचा त्यावर परिणाम होत नाही. पण वाटेतला प्रत्येक स्विच तो ताल पुढे देणारा हवा. मध्ये एक साधा स्विच आला की साखळी तिथेच तुटते.

पहिल्या दोन वाटांचा शत्रू म्हणजे गर्दीमुळे कमीजास्त होणारा उशीर. तालाच्या पॅकेटना सगळ्यांत वरची रांग द्यावीच लागते. भाड्याच्या इथरनेटवर मधल्या एखाद्या टप्प्यावर प्राधान्याचा शिक्का पुसला जातो. मग घड्याळ रोज संध्याकाळी थोडं ढळतं, पहाटे सावरतं. आलेखात 24 तासांची लाट दिसली की शिक्का कुठे पुसला जातोय ते शोधायला निघावं.

3जी बंद होत आलं तरी ही गरज सरलेली नाही. भारतातलं 3.3 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं 5जी पाठवणं आणि घेणं एकाच लहरीवर आळीपाळीने करतं. तिथे चाल जुळून भागत नाही, क्षणही जुळावा लागतो, दीड मायक्रोसेकंदाच्या आत.

[दृश्य: शेल्टरमध्ये तंत्रज्ञ. पेटी बसवली जात आहे.]

पेटी बसवताना आधी अर्थिंग, मग उणे 48 व्होल्टची वीज. इथे धन टोक जमिनीला असतं. उलट जोडलं जाऊ नये म्हणून आधी मल्टिमीटर लावायचा. जुन्या उपकरणातला आयएमए गटाचा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक व्हीपीआय-व्हीसीआय (सेलच्या पत्त्यातले आकडे) उतरवून घेतल्याशिवाय एकही तार काढायची नाही. मग लूप, गट, स्यूडोवायर, आणि शेवटी घड्याळ. नोड-बी, म्हणजे टॉवरचं 3जी रेडिओ उपकरण, त्यानंतरच जोडायचा.

आणि घाईने निघायचं नाही. 5 मिलिसेकंदाचा बफर मध्यावर उभा असतो, दोन्हीकडे अडीच मिलिसेकंद मोकळे. तालाचा स्रोत चुकीचा निवडला गेला आणि पेटी स्वतःच्याच क्रिस्टलवर चालली, तर दहा लाखांत एका भागाच्या फरकाने हा बफर 42 मिनिटांत संपतो. क्रिस्टल उंची असेल, फरक अब्जात 50 भागांचाच असेल, तर लागतात 50,000 सेकंद, जवळपास 14 तास. संध्याकाळी पाचला सगळे दिवे हिरवे बघून कुलूप लावलेल्या शेल्टरचा अलार्म सकाळी सातला वाजतो.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर बफरचा काउंटर. शून्य. कॅमेरा तिथेच थांबतो. बाहेर पाऊस.]