कन्फ्यूट: पळीभर गार पाणी

हे पातेलं आमच्याच घरचं, रोमचं नाही. डाळ शिजतेय. फेस बघा, काठापर्यंत आला. आता उतू जाणार... आणि ही पळीभर गार पाण्याची धार. बसला खाली.

एका इंग्रजी क्रियापदाची गोष्ट इथून सुरू होते. कन्फ्यूट. समोरच्याचं म्हणणं पुराव्यानिशी असं खोडून काढायचं, की त्याला पुढे बोलायला तोंड उरू नये.

मूळ लॅटिन शब्द 'कन्फुतारे'. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात टिटिनियस नावाचा एक रोमन विनोदी नाटककार होता. त्याची ओळ अशी: मोठा हंडा उकळू लागला की स्वयंपाकी लहानशा पळीनं तो 'कन्फुतात', म्हणजे शमवतो. आंघोळीच्या कढत पाण्याला आपण विसण घालतो ना, तसंच काहीसं. टिटिनियसचं एकही नाटक आज पूर्ण सापडत नाही. ही ओळ टिकली, कारण पुढे नोनियस मार्सेलस या कोशकारानं तिची नोंद करून ठेवली. काही व्युत्पत्तिकार या शब्दामागे 'ठोकणे' असा धातू पाहतात. पाहोत बापडे, आमचा कॅमेरा पळीवरच राहणार.

पुढे रोमन वक्ता सिसेरोही हा शब्द वापरतो, पण त्याच्या लेखनात हंडा दिसत नाही. तिथे गार पडतो तो प्रतिपक्ष.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला. हे नाव वाचा: 'टिंडेलच्या उत्तराचं कन्फ्युटेशन'. साल १५३२, लेखक इंग्लंडमधला कॅथलिक विद्वान थॉमस मोर. विल्यम टिंडेलनं बायबलचा नवा करार इंग्रजीत आणला होता, आणि मोरला त्याचं म्हणणं पाखंड वाटत होतं. मोरची रीत पाहण्यासारखी आहे. आधी टिंडेलचा उतारा द्यायचा, खाली आपलं उत्तर. पुन्हा उतारा, पुन्हा उत्तर. असे सुमारे पाच लाख शब्द! एवढ्या पाण्यात हंडाच बुडावा.

१५३५ मध्ये मोरचा शिरच्छेद झाला; १५३६ मध्ये टिंडेलला गळा आवळून मारलं, मग जाळलं.

आज 'रिफ्यूट' या भावंडानं कन्फ्यूटची जागा बळकावली आहे. तेही आता सैल झालंय. प्रवक्ता नुसतं 'हे खोटं आहे' म्हणाला, तरी बातमीत त्यानं आरोप रिफ्यूट केलेला असतो. अहो, नाकारणं वेगळं आणि खोडून काढणं वेगळं!

हा शब्द अजून एका ठिकाणी कानावर पडतो. मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेचं संगीत, १७९१. 'कन्फुतातिस मालेदिक्तिस...' शापितांची तोंडं बंद झाली आहेत, आणि पुढच्याच ओळीत ज्वाळा. आधी पुरुषांचे आवाज येतील.