आवाज वरखाली होतोय? कंप्रेसर लावायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. आज घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी थोडं बोलायचंय. आपल्याकडं आता लातूरपासून सेलूपर्यंत कुणी अभंग, कुणी भारूड, कुणी लेकरांसाठी गोष्टी, तर कुणी स्पर्धा परीक्षेचे धडे असं घरीच मोबाईलवर नाहीतर यूएसबी माईकवर रेकॉर्ड करून टाकतंय, लई चांगली गोष्ट आहे, पण अडचण बहुतेकांची एकच, एक ओळ ऐकूच येत नाही आणि पुढची थेट कानात घुसते.

काहून होतं हे? कीर्तनात बघा, बुवा निरूपण करताना अगदी हळू बोलतात आणि गजर आला की एकदम वरच्या पट्टीत जातात, तरी मंडपात मागं बसलेल्याला सगळं नीट ऐकू येतं, कारण मिक्सरवर बसलेल्या साऊंडवाल्याचा हात सारखा फेडरवर असतो, गजराला खाली, निरूपणाला वर. घरी रेकॉर्डिंग करताना तो माणूसच नसतो. ते काम आपल्यालाच करावं लागतं, थोडं रेकॉर्ड करताना आणि बरंचसं नंतर. मोठा आवाज आपोआप दाबणारा कंप्रेसर त्यानंतरचा.

आधी अंतर. तोंड आणि माईक यात एक वीतभर जागा ठेवा. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो. म्हणजे १० सेंटिमीटरवर गाताय आणि मान मागं जाऊन २० झाले, की गेले ६ डेसिबल. पण तीच मान वीतभर अंतरावरून तेवढीच हलली तर फरक निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून ओठ माईकला चिकटवून गाणं डोलत गाणाऱ्याच्या काही कामाचं नाही. आणखी एक, एका बाजूनं आवाज घेणाऱ्या माईकच्या लई जवळ गेलं की खर्ज फुगतो, त्यामुळं जवळची ओळ नुसती मोठी नाही तर जाडही लागते, आणि मग नंतर लेव्हल कितीही जुळवा, दोन ओळी दोन वेगळ्या माणसांनी म्हटल्यासारख्या वाटतात. वरची जागा घेताना मान थोडी बाजूला वळवायची किंवा अर्धी वीत मागं सरायचं, जुने भजनी हे आपोआप करतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मग गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ आधी म्हणून बघा, हळू ओळ नाही, जोराचीच, आणि मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. शून्य ही वरची हद्द, मीटर तिला टेकून आवाज फाटला की तो नंतर धड दुरुस्त होत नाही. कमी वाटतंय म्हणून घाबरू नका, २४ बिटवर (आवाज जास्त बारकाव्यानं साठवणारी सेटिंग) रेकॉर्ड केलं तर नंतर वाढवायला भरपूर वाव असतो. मोबाईलवाल्यांनी एक बघायचं, बऱ्याच फोनचं रेकॉर्डर ॲप स्वतःच्या मनानं आवाज कमी-जास्त करतं, तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की ते पंख्याचा आवाज वर ओढतं आणि तुम्ही परत सुरू केलं की दाबतं. गेन हातानं ठरवता येईल असं ॲप घ्या.

आता खरं काम. ऑडॅसिटी आणि रीपर ही कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग दुरुस्त करायची सॉफ्टवेअरं. ऑडॅसिटीत आवाजाची रेषा जागोजागी वर-खाली ओढायचं एन्व्हलप टूल आहे, रीपरमध्ये आयटमचा व्हॉल्यूम ओढता येतो, त्यानं ओळ अन् ओळ हातानं सारखी करायची. लई कंटाळवाणं आहे, कबूल, पण यासारखा दुसरा उपाय नाही. बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तर वाक्याचा शेवट आवर्जून बघा. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि तिथपर्यंत श्वास संपलेला असतो, मग "हा फॉर्म ऑफलाईन भरता येत नाही" यातला "नाही"च गिळला जातो आणि ऐकणारं पोरगं उलटंच समजून बसतं. तेवढा शेवटचा तुकडा निवडा, तीन-चार डेसिबल वर घ्या, झालं.

काही जण म्हणतात, आम्ही नॉर्मलाइज केलंय की. अहो, त्यानं सगळी फाईल एकाच मापानं वर जाते, सगळ्यात मोठं टोक ठरवलेल्या जागी येतं, उंच-सखलपणा जिथल्या तिथं.

हे झाल्यावर कंप्रेसर. थ्रेशोल्ड म्हणजे कुठून दाबायचं, रेशो म्हणजे किती. रेशो ३ ला १ असेल आणि आवाज थ्रेशोल्डच्या ९ डेसिबल वर गेला, तर बाहेर फक्त ३ डेसिबल वर जातो. रिडक्शनचा काटा, म्हणजे किती दाबलं ते दाखवणारा, जोराच्या ओळीला ३ ते ५ डेसिबलच्या मधे हलला की पुरे. अटॅक, म्हणजे दाबायला किती लवकर लागायचं ते, लई फास्ट ठेवला तर शब्दाच्या सुरुवातीचा ठसका जातो, क, ट, प सगळे बोथट होतात. प्लगइनच्या (सॉफ्टवेअरला जोडायच्या इफेक्टच्या) यादीत ११७६ असं नाव दिसलं तर ते अमेरिकन इंजिनिअर बिल पुटनमनं १९६७ च्या सुमारास आणलेल्या कंप्रेसर मशीनची नक्कल असतं, त्यात थ्रेशोल्डचं बटणच नाही, इनपुट वाढवत न्यायचा, आणि अटॅक-रिलीजची (रिलीज म्हणजे दाब किती लवकर सोडायचा ते) बटणं उलटी, उजवीकडं फिरवलं की फास्ट. हे माहीत नसल्यामुळं कितीतरी जण त्याला नावं ठेवतात!

कंप्रेसरनं मोठा आवाज दाबला की आपण एकूण लेव्हल वर घेतो, आणि त्याच्याबरोबर खोलीतलं सगळं वर येतं, कूलर, इन्व्हर्टरची घूं, शेजारच्या बोअरची मोटर. मे महिन्यात आपल्याकडं कूलर बंद करून गा म्हणणं म्हणजे जुलूमच, पण पहाटे पाचला करून बघा, घरही थंड असतं आणि गल्लीही शांत. खालची घरघर राहिलीच तर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, पण हे कंप्रेसरच्या आधी, नाहीतर तो त्या घरघरीवरच दाबत बसतो.

शेवटी लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या हद्दीवर आवाज अडवणारं साधन, लावा, टोकं उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पॉडकास्टसाठी एकूण लाऊडनेस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला सरासरी किती मोठं लागतं त्याचं माप) आसपास ठेवा. मग हेडफोन काढायचा, मोबाईलच्या स्पीकरवर अगदी बारीक आवाजात फाईल लावायची आणि घरातल्या ज्यानं ती आधी ऐकली नाही अशा कुणाला तरी बसवायचं, जो शब्द त्याला कळला नाही तिथं खूण करून परत एन्व्हलपवर जायचं.