खाऱ्या वाऱ्यातली टोयोटा

(दृश्य: गणपतीच्या आधीचे दिवस. मुंबई–गोवा महामार्गावर गाड्यांची रांग. टपावर ताडपत्रीखाली बांधलेलं सामान, मागच्या काचेला टेकलेलं मखर.)

कोकणात कुणी गाडी घेतली की अंगणात जमलेली मंडळी दोन गोष्टी विचारतात. भरलेली गाडी घाट कुठल्या गिअरला चढते? आणि वाटेत बसली तर हात लावणारं कोण आहे? अॅव्हरेजचा नंबर तिसरा. टचस्क्रीन, सनरूफ वगैरे घरातल्या पोरांचे विषय.

या दोन प्रश्नांच्या जोरावर गेल्या पंचवीस वर्षांत एका जपानी नावाने इथे चांगलंच बस्तान बसवलं. टोयोटा. खरं तर सुझुकीही जपानी, आणि ती कितीतरी आधी गावोगाव पोचली. पण तिला इकडे जपानी कुणी म्हणत नाही. ती मारुती. घरचीच.

(दृश्य: एसटी स्टँडबाहेर उभी जुनी क्वालिस. दाराच्या कडेला रंग उडालेला, आत सीटवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या.)

टोयोटा आली १९९७ मध्ये, किर्लोस्कर समूहाशी भागीदारी करून. बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला आणि २००० च्या जानेवारीत क्वालिस बाजारात उतरली. इंडोनेशियात खपणाऱ्या किजांग नावाच्या गाडीवर ती बेतलेली होती. शहरातल्या जाणकारांनी नाकं मुरडली. चौकोनी खोकं, जुनं रूप, अशी गाडी कोण घेणार? घेतली ती ज्यांना रोज माणसं न्यायची होती त्यांनी. किजांग ज्या देशात चालत होती तोही बेटांचा, दमट हवेचा आणि धो धो पावसाचा देश, हे त्या जाणकारांच्या हिशेबात नव्हतं.

क्वालिसने कोकणात काय काय ओढलं, त्याची मोजदाद नाही. वडापची माणसं, लग्नाची वऱ्हाडं, कोल्हापूरला न्यायचे पेशंट, एप्रिल-मे महिन्यात हापूसच्या पेट्या. मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर गुडघे अडकवून बसलेली माणसं आणि त्यांच्या मधोमध माशांची टोपली, हे ज्यांनी भोगलंय त्यांना आरामदायी प्रवास या शब्दावर हसू येईल. पण गाडी पोचायची.

२००५ मध्ये क्वालिस थांबली आणि इनोव्हा आली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, खाली शिडीसारखी जाड लोखंडी फ्रेम आणि ताकद मागच्या चाकांना. ही शेवटची गोष्ट घाटात कामाची. सात माणसं आणि त्यांचं सामान भरलं की वजन मागे जातं. फिरणारी चाकंही मागचीच असली तर ती रस्त्याला घट्ट धरून राहतात. कुंभार्लीच्या किंवा करूळच्या ओल्या वळणावर गाडी उभी करून पुन्हा उचलायची वेळ आली, की चालकाला याची किंमत कळते.

रत्नागिरी पासिंगच्या म्हणजे एमएच-०८ च्या आणि सिंधुदुर्गच्या एमएच-०७ च्या भाड्याच्या गाड्यांत इनोव्हा सहज दिसते. तिच्या मालकांशी बोलायला बसलं की आधी रीडिंग निघतं. तीन लाख, चार लाख. आकडा सांगताना मालकाचा आवाज जरा चढतोच. जुन्या बाजारात मीटर मागे फिरवणारे महाभाग असतात, हे धरूनसुद्धा इंजिनाबद्दल तक्रार करणारा मालक शोधावा लागतो. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलायचा, ऑइल चुकवायचं नाही, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत राहायचं. एवढं पाळलं की इंजिन साथ देतं. बेल्टचा आळस केला आणि तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग इंजिन उघडावंच लागतं आणि चार पैसे वाचवल्याचं समाधान तिथेच संपतं.

मग या गाड्या कोकणात मरतात कशाने?

(दृश्य: वेंगुर्ल्याकडचा एक गॅरेजचा खड्डा. वर इनोव्हा. खाली बॅटरीच्या उजेडात फ्रेमचा आतला भाग.)

किनाऱ्यालगतच्या एका मालकाचं उत्तर मालवणीत, आणि थोडक्यात: “इंजिन खणखणीत आसा, पण पत्रो गेलो.”

खड्ड्यात उतरून वर बघा. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ फ्रेमवर आपटत पुढून मागे सरकतो. टण, टण, टण. मागच्या चाकाच्या वर पोचला की आवाज बदलतो. बद्द. तो उलट्या टोकाने जरा टोचतो आणि गंजाची खपली, तिच्या मागून तांबडी भुकटी, त्याच्या मनगटावर पडते.

ही फ्रेम आतून पोकळ असते. पाणी निथळून जावं म्हणून तिला खाली भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडची जांभ्याची लाल माती चिखल होऊन उडते आणि बरोबर त्या भोकांत जाऊन बसते. भोक बुजलं की आतला ओलावा आतच राहतो. समुद्रावरून येणारी खार त्यात मिसळली की काम झालं. मिठातलं क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतं आणि खारं पाणी गंजाची क्रिया वेगाने पुढे नेतं. बाहेरून रंग शाबूत, आतून लोखंड निम्मं. दारांच्या तळाशीही हीच कथा. काचेच्या रबरातून उतरलेलं पाणी जायला जागा ठेवलेली असते, ती माती आणि पाल्याने बुजते आणि दाराची खालची कड फुगायला लागते.

यात कंपनी कुठलीही असो, समुद्र भेदभाव करत नाही. फरक इतकाच, की ज्या गाडीचं इंजिन दीड लाख किलोमीटरांतच थकतं तिचा पत्रा सडेपर्यंत ती मालकाकडे राहतच नाही. टोयोटाचं इंजिन टिकतं, म्हणून तिचा गंज बघायला मालक शिल्लक असतो.

आता एक गंमत बघा. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या. एक भाड्याने धावणारी, दुसरी मुंबईकर चाकरमान्याने गावी ठेवलेली, वर्षातून गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चालणारी. मालकांना विचारलं तर वाटावं, दोघं वेगवेगळ्या कंपनीच्या गाडीबद्दल बोलतायत. आणि तक्रार जास्त असते कमी चाललेल्या गाडीबद्दल.

कारण साधं आहे. रोजची गाडी तापते, सुकते, धुतली जाते, आणि काही वाजायला लागलं तर चालकाच्या कानाला त्याच दिवशी कळतं. पडवीत उभी असलेली गाडी कुणाशी बोलत नाही. बॅटरी उतरते. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर पावसाळ्यानंतर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले सापडतात. म्हणून जाणते लोक हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकाखाली दगड लावतात. टाकी अर्धी रिकामी असली तर दमट हवेचं पाणी डिझेलमध्ये उतरतं. आणि उंदीर. बॉनेटखाली ऊब, आडोसा आणि कुरतडायला वायरिंग, उंदराला आणखी काय हवं? कुणी तंबाखूची पानं ठेवतं, कुणी डांबरगोळ्या, कुणी रोज रात्री बॉनेट उघडं टाकून वर दिवा लावतं. यातलं खात्रीने काय चालतं यावर दोन मालकांचं एकमत आम्हाला तरी सापडलं नाही. आईवडील गावी असतील तर त्यांच्यावर दर आठवड्याला गाडी चालू करायचं काम पडतं. नुसती चालू करून दोन मिनिटांत बंद करण्यापेक्षा बाजारापर्यंत फेरी मारून आणलेली बरी, हे त्यांना फोनवर पटवणं हा वेगळा उद्योग.

जुन्या घरांत आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, कामं ठरलेली असतात. कौलं परतायची, झापं लावायची, लाकूडफाटा आत घ्यायचा. ज्यांनी या यादीत गाडी घातली त्यांची गाडी टिकली. मे महिन्यात गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुवायची, फ्रेमची भोकं तारेने मोकळी करायची, पूर्ण सुकवायची आणि मग अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंज अडवणारा थर, मारायचं. सुकवल्याशिवाय मारलं तर ओल आत कोंडते आणि पैसे देऊन गंज लावून घेतल्यासारखं होतं. पावसाळ्यापूर्वी घाईघाईत करून घेतलेली बरीच कोटिंगं या जातीची.

(दृश्य: चिपळूण. वाशिष्ठीचं पात्र. एका दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण.)

गंज वर्षानुवर्षं खातो. पूर एका रात्रीत खातो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दारात उभ्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या, काही तरंगत दुसऱ्याच्या दारात गेल्या. त्यानंतर मालकांना एक धडा महागात मिळाला. बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्यात इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर कंपनी तो खर्च मालकावर टाकू शकते. ती गाडी टो करूनच न्यायची.

पुरातल्या गाड्या पुढे स्वस्तात विकल्या जातात, धुऊन पुसून, चकाचक. टोयोटाला जुन्या बाजारात भाव चांगला, त्यामुळे मोहही जास्त. घेणाऱ्याने एक करावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून बघावा. आतल्या गुंडाळीत राहिलेल्या पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ असली तर विकणारा काहीही सांगो, ती गाडी पाण्यात होती.

(दृश्य: परशुराम घाट. रुंद झालेला रस्ता, बाजूला कापलेला डोंगर. रांगेत एक हायक्रॉस.)

इनोव्हाची नवी रूपं आली: २०१६ मध्ये क्रिस्टा, २०२२ च्या शेवटी हायक्रॉस. इथे जुन्या मालकांत उघड दोन तट पडले. हायक्रॉसला शिडीची फ्रेम नाही, डिझेल नाही, आणि ताकद पुढच्या चाकांना. तिच्या हायब्रीड मॉडेलात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. त्याचा कंपनीचा प्रमाणित आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर. भाड्याची गाडी चालवणारा मान हलवतो आणि क्रिस्टाच बरी म्हणतो. पण मुंबईहून सणाला येणाऱ्याचा अनुभव वेगळा आहे. २०११ पासून रुंद होत असलेल्या या महामार्गावर सणाच्या दिवसांत गाडी चालते कमी आणि सरकते जास्त. डिझेल अशा वेळी जागेवर धूर सोडत राहतं. हायब्रीडचं इंजिन बंद होतं आणि गाडी बॅटरीवर पुढे सरकते. रस्ता रखडल्याचा फायदा कुणाला झाला असेल तर तो हायब्रीडवाल्यांना. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. त्यानंतर काय, हा प्रश्न गॅरेजवाले मुद्दाम जरा मोठ्याने विचारतात, कारण हे काम त्यांच्या हातातून जाणार आहे.

नव्या डिझेलचीही एक अडचण आहे. बीएस-सहा या प्रदूषण-नियमांतल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती जळून साफ व्हायला गाडी काही काळ सलग वेगात धावावी लागते. वाडीवरून बाजार आणि बाजारातून वाडी एवढंच चाललं तर गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यात बिघाड काहीच नाही. गाडी चढ-उताराच्या छोट्या फेऱ्यांना घेतली, तिची जात लांब पल्ल्याची, एवढंच.

नावाला डाग लागलाच नाही असंही नाही. २०२४ च्या जानेवारीत टोयोटाच्या डिझेल इंजिनांच्या ताकद-चाचण्यांत अनियमितता उघड झाली आणि भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स या गाड्यांची रवानगी काही दिवस थांबली. कोकणात त्याचा परिणाम एवढाच दिसला, की वेटिंग वाढलं म्हणून लोक वैतागले.

आणि ग्लान्झा? २०१९ मध्ये आलेली ही गाडी म्हणजे मारुतीची बलेनो, टोयोटाच्या चिन्हासह. खरी टोयोटा नाही म्हणून हसणारे भरपूर. पण ज्यांनी घेतली त्यांना पार्टसाठी थांबावं लागत नाही, कारण तालुक्याच्या गावी मारुतीचा पार्ट मिळतोच. सुरुवातीचा दुसरा प्रश्न आठवा. त्या हिशेबाने ग्लान्झावाले फार मूर्ख ठरत नाहीत.

(दृश्य: आरटीओबाहेर रांग. एक माणूस क्वालिसच्या पुढच्या चाकापाशी ओणवा, हातात पॉलिश पेपर.)

क्वालिस मात्र अजून आहेत. शेवटच्या निघाल्या त्यांनाही आता वीस वर्षं उलटली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. तरीही मालक येतात. पण पैशापेक्षा मोठा घोळ होतो तो चेसिस नंबरचा. नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो आणि कागदावर त्याची पेन्सिलने छाप घेऊन द्यावी लागते. खारीने तिथलं लोखंड खाल्लं की आकडे पुसट होतात. रॉकेल, पॉलिश पेपर, खडू, सगळं करून बघतात. तीनाचा आठ दिसतो, सहाचा शून्य. वाचता आला नाही तर आरटीओच्या परवानगीने नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा, म्हणजे अर्ज, तपासणी आणि हेलपाटे.

ज्यांना हे माहीत आहे ते दर आगोटीला त्या आकड्यांवर बोटभर ग्रीस थापून ठेवतात.