कोपराला अडकवलेले हेल्मेट

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठाच्या वाहनतळावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. हेल्मेट असते, पण ते कोपराला अडकवलेले किंवा आरशाला टांगलेले. डोक्यावर असलेच, तर हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबत असतो. हटकले, तर उत्तर ठरलेले : ‘इथल्या इथे तर जायचंय.’

वसतिगृह ते वर्ग हे अंतर थोडे असेल, पण वेग थोडा नसतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोर कुणी आडवे आल्याचे लक्षात येऊन हात ब्रेकवर पडेपर्यंत एवढा रस्ता संपलेला असतो. ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 30 चा वेग 60 केला की ते दुप्पट नव्हे, चौपट होते. परीक्षेत हे सूत्र बिनचूक लिहिणारा विद्यार्थी फाटकाबाहेर पडताच ते विसरतो, याचे हसू यावे की धास्ती वाटावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पहिल्या महायुद्धातील अरबस्तानच्या मोहिमेमुळे गाजलेले टी. ई. लॉरेन्स 1935 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, तो 1941 साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

हेल्मेटचे खरे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. आघात होताच तो चेपतो आणि डोके थांबायला क्षणाचा काही अंश अधिक मिळतो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही, म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले, तरी ते बदलावे. पट्टा मोकळा असेल, तर डोके जमिनीवर आपटण्याआधीच हेल्मेट निसटून जाऊ शकते. मागे बसणाऱ्या मित्राचे डोकेही तेवढेच नाजूक असते, पण त्याच्यासाठी दुसरे हेल्मेट क्वचितच कुणी आणतो.

हेल्मेट घेताना एक साधी तपासणी करावी. पट्टा नीट बांधावा आणि मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढून पाहावे. ते डोक्यावरून निघाले, तर मोठे आहे, लहान मापाचे मागावे.