मगर किती घातक? आधी तुमचा घाट दाखवा

अध्यक्ष महोदय आणि कृष्णाकाठच्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कोणती मगर माणसाला किती घातक'. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका गोष्टीचा निकाल लावू द्या, कारण मगरीवर बोलायला कुठेही गेलो की ती कुणीतरी काढतंच. आज पहिल्या रांगेतल्या काकांनी चहाच्या वेळीच काढली. रामरी बेटाची गोष्ट.

साल 1945, महिना फेब्रुवारी, ब्रह्मदेशाचा पश्चिम किनारा. इंग्रजांच्या फौजेनं जपान्यांना रेटत खारफुटीत ढकललं. त्या फौजेत आपली 26वी हिंदी डिव्हिजन होती, हे सांगताना लोक नेमकं विसरतात. गोष्ट अशी की एका रात्रीत खाऱ्या पाण्यातल्या मगरींनी हजारभर सैनिक फस्त केले आणि सकाळी वीसेक जण उरले. एका कॅनेडियन निसर्गतज्ज्ञानं 1962 साली हे पुस्तकात लिहिलं, गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकानं ते उचललं आणि ते अजून फिरतंय.

आता मला सांगा, हजार माणसं एका रात्रीत संपवायला मगरी किती लागतील? आणि त्या आदल्या आठवड्यात काय खात होत्या? मोठं भक्ष्य पोटात गेलं की मगर कित्येक दिवस काही न खाता राहू शकते. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे त्या बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना गाठून विचारलं, तेव्हा आकडा निघाला दहा-पंधराचा. तेही एक खाडी ओलांडताना. बाकीचे गेले ते गोळ्यांनी, तहानेनं, हगवणीनं, बुडून. आणि बरेचसे निसटलेही.

एवढ्या जुन्या गोष्टीवर मी इतका वेळ का घालवतोय? कारण या गोष्टीनं आपल्याला चुकीची भीती शिकवली. मगर म्हणजे रात्री चालून येणारी फौज, अशी. तुमच्या मोबाईलवर 2019च्या पुरात छपरावर बसलेली मगर आली होती ना? हात वर करा. बघा, सगळं सभागृह! आता 'ही आपल्याच गावातली' असं लिहून ती पुढे कुणी कुणी पाठवली, त्यांनी हात वर करा. ...असू दे, असू दे. ती बेळगाव जिल्ह्यातली, रायबाग तालुक्यातली होती. पुरात वाहत आली, दमली, छपरावर टेकली. तिनं कुणाला काही केलं नाही.

माणूस जातो तो अशा चित्रातल्या मगरीमुळे नाही. तो जातो रोजच्या पायरीवर. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप, अडकला म्हणून कमरेभर पाण्यात उतरलेला शेतकरी, धुणं घेऊन बसलेली बाई, शाळा सुटल्यावर डोहात उडी टाकणारी पोरं. मगर पाण्याखाली पडून असते, तीच जागा आणि तीच वेळ पाहून ठेवते.

आणि मग आपण काय करतो? इथे मला खरंच राग येतो, तो मी लपवणार नाही. घटना घडली की चार दिवस मोर्चा, निवेदन, 'मगर पकडून न्या'. एका कार्यालयात मी घाटाच्या कुंपणाचा आराखडा घेऊन गेलो होतो. साहेब म्हणाले, पिंजरा लावलाय, आता कुंपण कशाला? अहो, पकडून नेऊन ती जाते कुठे? ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातली एक मोठी मगर हेलिकॉप्टरनं केप यॉर्क द्वीपकल्पाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊन सोडली होती. अंगावर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र. ती किनाऱ्याकिनाऱ्यानं चारशे किलोमीटरहून जास्त पोहली आणि वीस दिवसांत घरी. समजा आपली मगर परत आली नाही, तरी चांगला डोह रिकामा राहत नाही, दुसरी येते.

श्रीलंकेत नदीत, घाटाच्या पुढे, जाड खांब रोवून चौकोन करतात. माणसं आत आंघोळ करतात, मगर बाहेर. त्याला किंबुल कोटुवा म्हणतात. ओडिशात भितरकनिकाच्या गावांतही घाटांना असे अडसर घातलेत. बांबू, लोखंडी पाइप, जाळी, यात न जमण्यासारखं काय आहे? पुरात वाहून जाईल म्हणता, तर जाऊ दे, दिवाळीनंतर पुन्हा रोवा. मोटारीचे पाइप आपण दरवर्षी काढतो-घालतोच की.

गोव्यात कुंभारजुव्याच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मानगे थापणी. त्यावर मला खूप बोलायचं होतं, पण अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. तर छापलेला विषय, भरभर.

सर्वांत घातक दोन. खाऱ्या पाण्यातली मगर, म्हणजे अंदमान, भितरकनिका, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया. आणि आफ्रिकेतली नाइल मगर. दोघी माणसाकडे भक्ष्य म्हणून बघतात, आकारही तसा. फिलिपिन्समध्ये 2011 साली पकडलेला लोलोंग 6.17 मीटरचा होता.

तिसरी आपली, कृष्णेतली, वाशिष्ठीतली, बडोद्याच्या विश्वामित्रीतली. हिचा हल्ला बहुतेक पाण्याच्या कडेला होतो, किंवा घरट्यापाशी. मादी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये डगरीत अंडी घालते, मे-जूनमध्ये पिल्लं निघतात, आणि तेवढे महिने ती तिथून हलत नाही. वाळूउपशानं डगरी मोडल्या की ती आणखी अडचणीत येते.

अमेरिकेतली अ‍ॅलिगेटर बरीच सौम्य. फ्लोरिडात 1948 ते 2021 या काळात माणसानं न डिवचता चारशेहून जास्त चावे, त्यातले 26 जीवघेणे. दक्षिण अमेरिकेतला काळा केमन, तोही मगरीच्याच गोतातला, मोठा झाला की धोक्याचा. ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली मगर चावते, पण माणूस मारत नाही. आणि चंबळेतली घडियाल, लांब अरुंद जबडा, मासे खाणारी. तिच्या पोटात दागिने सापडले म्हणून ती नरभक्षक ठरली. ते दागिने नदीत सोडलेल्या प्रेतांवरचे असावेत, किंवा तळाचे दगड गिळताना आत गेलेले.

शेवटचं, आणि यासाठीच मी आलो. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत 1971 साली खाऱ्या पाण्यातल्या मगरीला संरक्षण मिळालं तेव्हा सुमारे तीन हजार उरल्या होत्या, आज लाखाच्या आसपास आहेत. जगातल्या सर्वांत घातक दोन जातींतली एक, आणि तरी तिथे 2018नंतर थेट 2024मध्ये एक मृत्यू झाला. इंडोनेशियात त्याच जातीमुळे दरवर्षी कितीतरी जास्त माणसं जातात. मगर तीच आहे. फरक एवढाच की नॉर्दर्न टेरिटरीतल्या डार्विन शहरातल्या बाईला भांडी घासायला नदीवर जावं लागत नाही, तिच्या घरात नळ आहे.

दाराशी टेबलावर घाटाच्या कुंपणाच्या आराखड्याच्या प्रती आहेत. ज्या गावाला हव्या असतील त्यांनी न्याव्यात, आणि मोटारवाल्या शेतकऱ्यांनी फूटव्हॉल्व्हला दोर बांधून तो काठावरूनच वर ओढायची सोय याच महिन्यात करून घ्यावी.