घाटाच्या नावावर खपलेलं डिझेल

(दृश्य: कळंबोली. अंधार. ट्रेलरची रांग, टपरीवर उकळणारा चहा.)

पहाटेचे साडेचार. न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन निघालेली बावीस चाकी गाडी इथे चहापुरती थांबलीय. क्लीनर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन उतरतो आणि एकेका टायरवर ठोकत पुढे जातो. टण्ण. टण्ण. मागे ट्रेलरपाशी एक आवाज जरा बसका येतो. तो थांबतो, पुन्हा ठोकतो. "चालतंय," म्हणतो आणि चहाकडे वळतो.

गाडीला चाकण गाठायचंय. वाटेत बोरघाट. ॲव्हरेज का मिळत नाही, असं कुणालाही विचारा, बोट घाटाकडेच जाईल.

घाट डिझेल पितो, यात खोटं काही नाही. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. भरलेलं वजन ५५ टन. डिझेलच्या ताकदीतली चाळीसेक टक्केच चाकापर्यंत पोचते, हे धरलं तर ही चढण ढोबळ हिशोबाने वीस लिटर खाते.

(दृश्य: चाक अगदी जवळून. जमिनीला टेकताना चेपणारी बाजू.)

आता सपाटीचं बघू. टायरचा जो भाग खाली येतो तो चेपतो, वर गेला की पुन्हा फुगतो. दर फेरीला हेच. त्यात रबर तापतं, आणि ती धग शेवटी डिझेलच्या टाकीतूनच आलेली असते. चांगल्या रेडियल टायरवर चाक फिरण्याला होणारा हा विरोध वजनाच्या हजारात सहा भाग धरतात. म्हणजे ५५ टनांच्या या गाडीला कुणीतरी ३३० किलोच्या जोराने सतत मागे खेचून धरलंय. शंभर किलोमीटरला बावीस लिटर! अख्ख्या घाटापेक्षा जास्त, पण घाट दिसतो आणि हे दिसत नाही.

टायरवर १०.०० आर २० लिहिलेलं असेल तर तो रेडियल. 'आर'च्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर बहुतेक नायलॉन. नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जाणारे. चेपताना ते आपसात घासतात आणि तापतात. रेडियलच्या दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात, वरून पोलादी पट्टा. बाजू लवचिक, तळ घट्ट. मग नायलॉन इतकी वर्षं टिकला कसा? जाड बाजूचा गडी तो. ओव्हरलोड सोसतो, खाणीतल्या दगडांना जुमानत नाही आणि स्वस्तात मिळतो. खाणीच्या कच्च्या रस्त्यावर मीही त्यालाच मत देईन. हायवेवर नाही.

यातली खरी गंमत ट्रेलरला आहे. मालक नवे टायर घोड्याला, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या भागाला, घालतो. ट्रेलरच्या नशिबी रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), उतरवलेले, जे हाती लागतील ते. पण वजन कुठे बसतं बघा: पुढच्या ॲक्सलवर ७ टन, घोड्याच्या मागच्या दोन ॲक्सलवर मिळून २१, आणि ट्रेलरच्या तिन्हींवर २७. जवळजवळ निम्मी गाडी त्या सावत्र टायरांवर पळते.

एक कबूल करायला हवं. नक्षी झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. चेपायला रबरच कमी उरलेलं असतं. म्हणून गोटा झालेल्या टायरवर ॲव्हरेज सुधारलं, असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा तो थापा मारत नसतो. फक्त पावसाळ्यात, उतारावर, ब्रेक मारायच्या वेळी तो टायर काय करेल हेही त्याला ठाऊक असतं.

टायरांचा विरोध दहा टक्क्यांनी जरी घटला, तरी शंभर किलोमीटरमागे दोन लिटर वाचतात. महिन्याला सहा हजार किलोमीटर धरा, एकशेवीस लिटर झाले. यातलं काही नवे टायर न घेताही हाती लागतं, नुसत्या हवेतून: हवा कमी असली की टायर जास्त चेपतो.

(दृश्य: पंक्चरचं दुकान. उजाडलंय. कॉम्प्रेसरचा आवाज.)

पंक्चरवाला पाटावर बसून जोडीतल्या आतल्या टायरचा वॉल्व्ह चाचपतोय. हात पोचत नाही, म्हणून आतल्या टायरची हवा सहसा कुणी बघतच नाही. हवा तपासायची खरी वेळ टायर थंड असतानाची. बाहेरच्यात ११८ पीएसआय भरली. आतल्याला मीटर लावल्यावर काटा ८५ वर थांबतो.

क्लीनर चहाचा ग्लास खाली ठेवतो. मघाचा बसका आवाज याच टायरचा होता.