मोड नाही, तिकीट चालेल?

श्रोतेहो, नमस्कार.

'सुटे द्या' ही मुंबईची जुनीच कटकट. पण दुसऱ्या महायुद्धात गिरगावातला वाणी मोड नसली की विचारायचा, "तिकीट चालेल?" पोस्टाचं तिकीट, अर्ध्या आण्याचं, आण्याचं. तांबं-निकेल लढाईला लागत होतं, महागाईनं खुर्दा जास्तच हवा होता, आणि हाती आलेलं नाणं लोक डब्यात टाकत होते. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं सरकारनं १९४० मध्येच गुन्हा ठरवलं होतं. डबे काही उघडले नाहीत!

आजी सांगायची, पावसात पदराच्या गाठीला बांधलेली तीन तिकिटं घरी येईतो एकमेकांना चिकटून बसली. पाण्यात घालून सोडवली, तर गोंद गेला. बिनगोंदाचं तिकीट वाणी परत घेईना.

हीच पंचाईत ८० वर्षांआधी, यादवी युद्धात, अमेरिकेची झाली होती. जॉन गॉल्ट नावाच्या माणसानं १८६२ मध्ये पितळी डबीत तिकीट बसवून वर अभ्रकाची चकती लावायची युक्ती काढली. डबीच्या पाठीवर दुकानांच्या जाहिराती. म्हणजे मोडही आणि धंदाही. इतर दुकानदारांनी मग तांब्याची स्वतःचीच टोकनं पाडली. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्यूलर या बिअरवाल्यानं तर दहा लाखांवर टोकनं बाजारात सोडली. ट्राम कंपनीनं ती भाड्यापोटी घेतली आणि ढीग साचल्यावर पैसे मागायला गेली. तो चक्क नाही म्हणाला! त्याला भाग पाडणारा कायदाच नव्हता. १८६४ मध्ये अशी खासगी नाणी पाडण्यावर बंदी आली.

वाण्याचं तिकीट निदान सरकारी होतं. काठियावाडात मोरवी, राजकोट अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपनं काढली. संस्थानाची हद्द ओलांडली की तो नुसता पुठ्ठा.

१९४३ मध्ये सरकारनं मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. आधीचा जवळपास पाच ग्रॅमचा, हा जेमतेम दोन. लोकांनी त्याचे नळाला वायसरही केले म्हणतात. आजीनं मात्र ते दोऱ्यात ओवले आणि दोरा पदराच्या त्याच गाठीत बांधला. हे भिजले तरी चालत होते.